युक्तिकल्पतरूंतील लोहबंधनिषेध व जहाजांचा धातुक्षय

धारच्या भोजराजाच्या नांवावर मोडणाऱ्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचें एक प्रकरण आहे. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, दोरानें बांधाव्यात, असा त्यांत निर्बंध आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याची चर्चा केल्यापासून तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. खाऱ्या पाण्यांत लोखंड कां झिजतें याचें रहस्य आपल्या पूर्वजांस अवगत होतें, असें अनुमान यावरून काढण्याचा मोह होतो. तें ग्राह्य आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

प्रथम निर्विवाद पुरावा पाहूं. लांकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून इंग्रजी आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नामक युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ सालीं तपासणी झाली तेव्हां तांब्यास लागलेले लोखंडी खिळे गंजून गेलेले आढळले. कांहीं खिळे मात्र टिकले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तेथें मध्यें राहून गेले होते. समुद्रजलांत दोन भिन्न धातु एकमेकांस भिडले म्हणजे विद्युत्प्रवाह सुरू होऊन त्यांपैकीं अधिक क्रियाशील धातु झिजतो. कागदानें तो स्पर्श तोडला होता. व्होल्टाचा विद्युत्‌स्तंभ १८०० सालचा. म्हणजे निरीक्षण आधीं, उपपत्ति मागाहून.

१८२४ सालीं हंफ्री डेव्ही यानें याच दोषाचा गुण करून घेतला. तांब्यास लोखंडाचा वा जस्ताचा लहानसा तुकडा जोडला कीं तो झिजतो व तांबें वाचतें. कोचीन येथें १८२२ सालीं बांधून झालेल्या 'समरंग' जहाजावर हा प्रयोग झाला. तांबें वाचलें खरें. पण त्याचा विषारी अंश पाण्यांत उतरेनासा झाल्यामुळें शेवाळ व कवचधारी जंतु तळास चिकटले. १८२५ सालीं समुद्रगामी जहाजांवरील हे रक्षक काढण्याचा हुकूम सुटला. आज नांगरलेल्या बोटींस जस्ताचे ठोकळे बसवितात, ते याच तत्त्वावर. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या बोटी तर भूतारेनें एकमेकींस जोडल्या जातात. शेजारणीपायीं आपला धातु झिजूं नये म्हणून त्या तारेंत प्रवाहरोधक घालावा लागतो.

आतां मूळ ग्रंथाकडे वळूं. निषेधाचें कारण ग्रंथकार स्वतःच सांगतो: समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक अशा नौकेस ओढून संकटांत घालतील. तेथें झिजेचा किंवा दोन धातूंच्या संयोगाचा शब्दहि नाहीं. अरबी समुद्रांत काथ्यानें शिवलेलीं जहाजें पूर्वापार चालत. तेव्हां कारागिरांची रूढि आधींची व चुंबकाचें कारण मागाहून जोडलेलें, असें असूं शकेल. पण हा तर्क झाला, प्रमाण नव्हे.

'अलार्म'वरील कागद वस्तुतः रद्दीच. पण तो जागच्या जागीं राहिला म्हणून साक्षीदार ठरला. चुंबकाच्या खडकांचें वाक्यहि तसेंच आहे. तें आपणांस अडचणीचें वाटलें तरी जागचें हलवूं नये. पूर्वजांच्या पदरीं नसलेलें ज्ञान घालण्यापेक्षां त्यांचें म्हणणें जसेंच्या तसें राखणें, हीच त्यांची खरी सेवा होय.