डर्बीशेठच्या धक्क्यावर

डोळे मिटा आणि नाकाला पुढे जाऊ द्या. वाळत घातलेल्या कॉड माशांचा खारट दर्प येतोय? मागोमाग तापलेलं डांबर, काकवी, रम? आता बघा. १७८९ चा जून आहे, अमेरिकेतलं सेलम बंदर आहे आणि तुम्ही एलियास हॅस्केट डर्बींच्या धक्क्यावर उभे आहात.

सांभाळा, पिंप गडगडत येतंय! बाजूला सरता, तोच खांदा एका खलाशाला घासतो. त्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेत. पलीकडे कारागीर जहाजाच्या फटींत जुन्या दोरांचे धागे ठोकतायत. ती ठकठक थेट दाढेत झिणझिणते. वर सीगल पक्ष्यांचा कलकलाट.

‘पेगी’ जहाजातून गासड्या उतरतायत. एकीच्या फाटक्या कोपऱ्यातून पांढरा पुंजका डोकावतोय. हात लावा. मुंबईचा कापूस! या देशात मुंबईहून आलेला हा पहिलाच. आपल्या बंदरातल्या हमालांनी पाठीवरून चढवलेलं ओझं इथले हमाल उतरवतायत.

तेवढ्यात गलका ओसरतो. डर्बीशेठ आले. पन्नाशीला टेकलेले, एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. त्यांच्याच ‘ग्रँड टर्क’नं दोन वर्षांपूर्वी कँटनहून चहा आणि चिनी मातीची भांडी आणली. शेठ स्वतः मात्र कधी दर्यावर गेले नाहीत. जहाज एकदा नजरेआड झालं की महिनोन्‌महिने खबर नाही. माल कुठे विकायचा, काय भरायचं, हे परक्या बंदरात कप्तानानंच ठरवायचं. शेठच्या हाती उरते ती हिशेबाची वही आणि वाट पाहणं.

तुमच्या कोपराशी एक म्हातारी उभी आहे. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती मुलाचं नाव सांगून विचारते. तिच्याजवळ ना वही, ना गासडी. पण वाट तीही तितकीच पाहते आहे. या बंदराची श्रीमंती अशा वाट पाहण्यावर उभी आहे, आणि त्या पाहण्यातला मोठा वाटा शेठचा नाही, हिचा आहे.

तो धक्का आणि त्याच्यासमोरचं डर्बींचं विटांचं घर सेलममध्ये आजही आहे. बॉस्टनकडे राहत असाल तर एकदा जाऊन या. टोकापर्यंत चाला आणि पाण्याकडे तोंड करून घटकाभर उभे राहा. मुंबईची वाट तिथूनच सुरू व्हायची.