एकदाणीचे मणी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी एक लहानसा सोहळा होतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कपाटातली पितळी डबी निघते आणि तिच्यातली एकदाणी मऊ धोतराच्या फडक्यावर ठेवली जाते. मग घरातले सर्वांत लहान शाळकरी पोर तिचे मणी मोजते. ते चाळीस भरले म्हणजेच ती पूजेच्या ताटात जाते. पाहुण्यांना या मोजणीचे हसू येते. डबीत एकदाणीखाली शाळेच्या वहीचे एक पिवळे पडलेले पान आहे, ते दाखवले की मात्र कुणी हसत नाही. त्या पानाची हकिकत सांगण्यापूर्वी, वाचकहो, जरा दुरून यावे लागेल.

आमचे गाव सिंदी मेघे. पुष्कळ लोक ते आणि सिंदी रेल्वे एकच समजतात. पण ती सिंदी सेलू तालुक्यात, आणि आम्ही वर्धा शहराला अगदी चिकटून. हा सारा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. औरस पुत्र नव्हता, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. हे आपण शाळेत घोकलेले असते. पण राज्य गेल्यानंतर वाड्यात काय झाले, ते पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही.

कंपनी सरकारने राज्याबरोबर राजघराण्याची जंगम मालमत्ताही ताब्यात घेतली. हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विक्रीला गेले. दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणी बांकाबाई तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. त्यांनी आणि इतर राण्यांनी तक्रार केली, विनवण्या केल्या, पण गेलेले जवाहीर परत आले नाही. आलेल्या पैशांतून ‘भोसला फंड’ उभारून घराण्याच्या पोषणाची सोय केल्याचे सरकारने सांगितले. म्हणजे हार ज्यांचे, त्यांनाच त्या हारांच्या पैशांतून नेमणूक! तंटा मुळात एकाच प्रश्नाचा होता : राणीच्या गळ्यातला हार राज्याचा की राणीचा? जिच्या गळ्यात तो होता, तिला निर्णयाचा अधिकार नव्हता.

राणीची ही गत, तर कुणब्याच्या, तेल्याच्या घरातल्या बाईची काय असेल? आपल्या धर्मशास्त्राने स्त्रीधन मानले आहे. पण याज्ञवल्क्यस्मृतीत एक पळवाटही आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. आता विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दुष्काळ किंवा आजारपण नाही, असे वर्ष कोणते? मृग लागला की बियाणे हवे, आणि बियाण्यासाठी पहिली नजर जाते ती बायकोच्या गळ्याकडे.

म्हणूनच आपल्याकडच्या बायकांनी दागिना निवडताना नुसती शोभा पाहिली नाही. जुन्या माळांची घडणच पाहा. पुतळ्यांची माळ म्हणजे नाण्यांसारख्या पातळ चकत्यांची ओवणी. व्हेनिसचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे व्यापारातून इकडे आले. त्याच्यावरच्या उभ्या आकृतीमुळे लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटले, आणि पुढे त्याच्या नकला करून माळा झाल्या. अडीअडचणीला त्यातल्या दोन पुतळ्या काढून मोडता येत, माळ गळ्यात राहीच. एकदाणीचेही तेच. सोन्याचे गोल मणी एका सरीत ओवलेले. चार मणी कमी झाले तर बाई दोरा आखडून घेई, आणि पीक आले की पुन्हा सैल करी. चपलाकंठीला किंवा मोत्यांच्या तन्मणीला ही सोय नाही. म्हणून ती वाड्यांत शोभली, आणि एकदाणी, पोत, गरसोळी, डोरले आमच्या शिवारात राहिली.

आता माझ्या आजीकडे येतो. साल १९६१. बोंडे भरण्याच्या वेळी पाऊस झोडपून गेला आणि कपाशी हातची गेली. आजोबा दोन दिवस आजीच्या गळ्याकडे पाहत होते, पण बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी आजीनेच एकदाणी काढली. आजोबांनी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “तुमी नोका नेऊ. हे माह्यं हाय, म्हून मीच नेऊन देतो.”

आजी निरक्षर होती. जाण्यापूर्वी तिने माझ्या वडिलांना हाक मारली. ते तेव्हा चौथीत होते. तिने एकेक मणी मोजला आणि त्यांच्याकडून वहीत लिहून घेतले : मणी चाळीस, मधला मणी जरा चेपलेला, दोरा तांबडा. गहाण ठेवणाऱ्याच्या ओट्यावर तिने सर्वांदेखत वजन करायला लावले आणि तेही लिहवले. दोन तोळे, तीन मासे, चार गुंजा. मग पान फाडून पदराच्या गाठीत बांधले. आजोबा म्हणे बाहेर बैलगाडीजवळ मान खाली घालून उभे होते.

दोन वर्षांनी, १९६३च्या शिमग्याला, कापूस विकून ती एकदाणी सोडवायला गेली. मणी भरले एकोणचाळीस. “बाई, तुझी मोजणी चुकली असंन,” असे उत्तर मिळाले. आजीने पदराची गाठ सोडली आणि वडिलांना मोठ्याने वाचायला सांगितले. ओट्यावर माणसे जमली. चाळिसावा मणी थोड्या वेळाने ‘सापडला’.

दोरा कुजला होता. सोनार म्हणाला, मोडून नवा घाट करून घ्या. आजी नाही म्हणाली, आणि ते किती शहाणपणाचे होते हे मला फार पुढे कळले. चीनच्या युद्धानंतर, ९ जानेवारी १९६३ रोजी, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले होते. नवा दागिना चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध करायचा नाही, अशी सक्ती होती. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोने; जुने बावीस कॅरट म्हणजे जवळजवळ ब्याण्णव. त्या नियमांनी कितीतरी सोनारांची दुकाने बसली. पुढे १९६८ साली कायदा झाला आणि १९९० साली तो रद्दही झाला. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. “दोरा कुजला, सोनं नाही कुजलं,” एवढेच तिचे म्हणणे. पटव्याकडून नवा दोरा ओवून घेऊन ती घरी आली.

माझ्या लहानपणी मला ही गोष्ट केवळ हट्टाची वाटे. वर्ध्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिची दुसरी बाजू दिसली. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणाचा देशव्यापी दौरा वर्ध्यापासून सुरू केला. नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैल प्रवास झाला आणि सुमारे आठ लाख रुपये जमले. सभेसभेत बायका अंगावरचे दागिने उतरवून देत, आणि गांधीजी तिथेच त्यांचा लिलाव करीत. जानेवारी १९३४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे कौमुदी नावाच्या कोवळ्या मुलीने बांगड्या, गळ्यातला हार आणि कर्णभूषणे काढून त्यांच्या हाती दिली. आईवडिलांची संमती आहे ना, हे गांधीजींनी विचारून घेतले, आणि दिलेल्यांच्या जागी नवे दागिने घ्यायचे नाहीत हेही तिला समजावले. तिचा निश्चय ढळला नाही. आमच्या वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज यांनी तर त्यापूर्वीच, ऐन तारुण्यात, पती जमनालालजींच्या सुचवण्यावरून अंगावरचे सोने कायमचे उतरवले होते.

पूर्वी मला प्रश्न पडे : कौमुदी हार देऊन थोर, आणि माझी आजी एका मण्यासाठी भांडली, ती लोभी का? आता वाटते, दोघींची जात एकच. राण्यांच्या हारांचा सौदा त्यांच्या संमतीवाचून झाला. कौमुदीने आपला हार आपल्या हाताने दिला. आजीने आपला हार आपल्या हाताने गहाण टाकला आणि आपल्या हाताने सोडवला. स्वतःचे असेल तेच देता येते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन पतीच्या ताब्यात असले तरी मालक पत्नीच, आणि ते अडवून ठेवणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. कायद्याने हे सांगण्यापूर्वी कितीतरी बायका पदराची गाठ मारून तेच सांगत होत्या.

यंदा पाडव्याला ज्यांच्या घरी हार यायचा असेल, त्यांना आजीच्या अनुभवातून चार शब्द सांगतो. तोळा म्हणजे बारा मासे, सुमारे ११.६६ ग्रॅम, पण आजचा सोनार दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, तेव्हा हिशेब ग्रॅममध्येच विचारा. खड्यांचे वजन वेगळे लिहून घ्या. हॉलमार्क आणि त्याबरोबरचा सहा अक्षर-अंकी क्रमांक भिंगातून पाहा, आणि पावती जिचा हार तिच्या नावे करा. बोरमाळेचे मणी पुष्कळदा पोकळ असून आत लाख भरलेली असते. ती गरम पाण्यात घालू नका, कोमट ओल्या फडक्याने पुसा. मोती अत्तर लावून झाल्यावर घाला आणि उतरवले की कोरडे पुसून सोन्यापासून वेगळे ठेवा. आणि दोऱ्याला विसरू नका. सोने पिढ्यान्पिढ्या टिकते, हार हरवतो तो बहुधा कुजक्या दोऱ्यापायी.

गेल्या वर्षी मणी मोजायची पाळी माझ्या धाकट्या लेकीची होती. चाळीस भरल्यावर तिने ते पिवळे पान उलगडले, वडिलांचे चौथीतले वळणदार अक्षर वाचले आणि विचारले, “बाबा, आजीबाईला लिहिता येत नव्हतं, मग हे पान तिचं कसं?”

मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात माझी आई देवघरातून म्हणाली, “अक्षर तुह्या आजोबाचं हाय, बाई. पान तिचंच.”

लेकीने पानाची घडी घातली, चेपलेल्या मण्यावरून बोट फिरवले आणि एकदाणी लक्ष्मीपुढे नेऊन ठेवली.