मुलींसाठी कॉलेजचे दार

आम्हा कुर्डुवाडीच्या मुस्लिम घरांमध्ये दर जून महिन्यात एक वाद हमखास निघतो. मुलगी बारावी पास झालेली असते, मार्कही बरे पडलेले असतात. पुढे काय, असा प्रश्न आला की घरातले वडीलधारे म्हणतात, मुलींचे वेगळे कॉलेज असते तर पाठवली असती. गावात कॉलेज आहे, पण तिथे मुले-मुली एकत्र बसतात. सोलापूरला जायचे तर रेल्वेने अपडाऊन, म्हणजे ऐंशी किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे. मग एक वर्ष थांबू म्हणता म्हणता मुलीचे स्थळ येते आणि प्रश्नच मिटतो. कुणी वाईट हेतूने बोललेले नसते, हेच या वादाचे दुखणे आहे.

हा वाद आपल्याच घरातला आणि आपल्याच मजहबचा आहे, असे आम्हाला फार काळ वाटत आले. तसे ते नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईत ब्राह्मण, पारशी, ख्रिस्ती अशा सगळ्याच घरांत तो झडला. मुलींचे वेगळे कॉलेज निघेपर्यंत थांबावे की मुलांच्याच कॉलेजात जाऊन बसावे, हा तेव्हाचाही पेच होता. ज्या मुली जाऊन बसल्या त्यांची हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजपासून सुरुवात करू. १८२१ साली एल्फिन्स्टनच्या राजवटीत विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघाले, ते या कॉलेजचे मूळ. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, त्याच दक्षिणा फंडातून त्याचा खर्च भागवला गेला. साहजिकच सुरुवातीला तिथे शिकणारे ब्राह्मण आणि शिकवणारेही ब्राह्मण. पुढे इतर जातींना प्रवेश मिळाला, १८५१ मध्ये पूना कॉलेज असे नाव पडले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. १८६८ साली ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले. त्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली होती. म्हणजे ब्राह्मणांच्या दक्षिणेतून उगवलेले कॉलेज पारशाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतीत आले. पण दार अजून पुरुषांनाच उघडे होते.

ही बंदी कुठल्या फलकावर लिहिलेली नव्हती. ती व्याकरणात होती. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या नियमांत विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केलेला होता. १८७५ च्या सुमारास एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलीला मॅट्रिकच्या परीक्षेला बसू द्यावे अशी विनंती केली, तेव्हा विद्यापीठाने याच शब्दाचा आधार घेऊन नकार दिला. नियमात ‘तो’ लिहिले आहे, ‘ती’ नाही! कलकत्ता विद्यापीठाने १८७८ मध्ये मुलींना परीक्षेला बसू दिले, त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने पदव्याही खुल्या केल्या. मुंबईने १८८३ साली ठरवले की ‘तो’ या शब्दात ‘ती’सुद्धा येते. एका सर्वनामाचा अर्थ लावायला विद्यापीठाला इतकी वर्षे लागली.

त्यानंतर लवकरच डेक्कन कॉलेजच्या वर्गात एक मुलगी येऊन बसली. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले आणि मराठी, गुजराती व उर्दू बोलणाऱ्या मुलींच्या शिक्षणाचीही सोय केली. पारशांनी दूर केलेले आणि गोऱ्यांनी पूर्ण आपले न मानलेले असे ते कुटुंब. अल्पसंख्याकातल्या अल्पसंख्याकाचे हे जिणे काय असते, ते आम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

शेकडो मुलांमध्ये ती एकटी मुलगी. वर्गाचे दार तोंडावर लावून घ्यायचे, ती आत येऊच नये असे बघायचे, असले प्रकार झाले. पुढे आपल्या आत्मकथनात तिने ते लिहिले आहेत, पण रडगाणे गायलेले नाही. ती शिकत राहिली आणि पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर. गुणांनुसार विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती, ती स्त्री असल्यामुळे नाकारली गेली. दार उघडले होते, पण पुढचा जिना अजून पुरुषांचाच होता.

मग तिने काय केले? अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, मुलांच्याच वर्गाला, इंग्रजी शिकवले. कालपर्यंत ज्यांनी दार लावून घेतले त्यांचेच भाऊबंद आता समोर वही घेऊन बसले होते. आम्हाला या साऱ्या हकिकतीत हा भाग सर्वांत आवडतो. १८८९ मध्ये विलायतेतल्या हितचिंतकांनी वर्गणी काढून तिला ऑक्सफर्डला नेले. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८९२ साली तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली, पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नसे. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची नाही! ती पदवी तिच्या हातात पडली १९२२ मध्ये, ३० वर्षांनी.

भारतात परतल्यावर वकिलीचे दारही बंदच होते. तिथेही पुन्हा व्याकरण आडवे आले. १९१६ साली रेजिना गुहा या बाईंनी कलकत्त्यात वकिलीची सनद मागितली, तेव्हा हायकोर्टाने सांगितले की कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही. १९२३ च्या कायद्याने ही अडचण दूर केली. मधल्या काळात, १९०४ पासून, कॉर्नेलिया बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांची कायदेशीर सल्लागार म्हणून काम करीत होती. जनानखान्यातल्या, गोषातल्या हिंदू-मुस्लिम विधवांच्या जमिनी कारभारी आणि दीर लाटत होते. पुरुष वकिलाला त्या भेटू शकत नव्हत्या आणि स्त्री वकील अस्तित्वातच नव्हती. अशा ६०० हून अधिक बायका-मुलांची कामे तिने पाहिली. आता पाहा, पडदा पाळणाऱ्या बाईचा हक्क वाचला तो पुरुषांच्या कॉलेजात जाऊन बसलेल्या बाईमुळे. पडद्याच्या नावाखाली मुलीचे कॉलेज बंद करणाऱ्यांनी या गोष्टीचा निवांत विचार करावा.

तिचे सगळेच गोड मानावे असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी राज्याची ती कट्टर पाठीराखी होती, गांधीजींच्या चळवळीला तिचा विरोध होता आणि कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’वर देशभर टीका झाली तेव्हा ती मेयोच्या बाजूने उभी राहिली. त्यामुळे राष्ट्रीय वळणाच्या इतिहासाने तिला बाजूला टाकले. तिची मते नाकारता येतील, तिने उघडलेले दार मात्र नाकारता येणार नाही.

या काळात आपला समाज कुठे होता? १८८२ साल डोळ्यांसमोर आणावे. सरकारने नेमलेले हंटर कमिशन देशभर साक्षी घेत होते. पुण्यात पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर व शिक्षिका हव्यात असे बजावले. जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले आणि बहुजनांच्या व मुलींच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्याच कमिशनपुढे सर सय्यद अहमद खान यांनीही साक्ष दिली. त्यांचे म्हणणे असे की मुसलमान पुरुष आधी शिकू द्यावेत, बायकांचे शिक्षण त्यामागून आपोआप येईल. सर सय्यद यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे. अलीगढ उभे केले नसते तर आपण आणखी किती मागे राहिलो असतो! पण या मुद्द्यावर पुण्याच्या दोघांचे म्हणणे खरे ठरले, हे आज मोकळेपणाने म्हणावे लागते. पुरुष शिकले तरी बायकांचे शिक्षण मागून चालत आले नाही. ते कुणीतरी हाताला धरून आणावे लागले.

अलीगढमध्ये ते आणले शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी. १९०६ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, घरोघर जाऊन विनवण्या केल्या, पडद्याची पक्की सोय केली, आणि तीच शाळा वाढत वाढत कॉलेज झाली. १९२० मध्ये अलीगढला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा पहिल्या चान्सलर कोण होत्या? भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम. विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर एक बाई आणि वर्गांच्या बाकांवर पुरुषच!

वेगळ्या कॉलेजचा मार्ग चुकीचा होता, असे आम्हाला वाटत नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले त्यामागेही हाच विचार होता. हजारो घरांनी मुलींना बाहेर सोडले ते या वेगळ्या सोयीमुळेच. पण वेगळे कॉलेज काढायला जमीन, पैसा, वसतिगृह, शिक्षिका, सगळेच लागते. ते अलीगढला जमले, पुण्याला जमले. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात ते कोण आणि कधी काढणार? इथे एका कॉलेजला नाही म्हणणे म्हणजे कॉलेजलाच नाही म्हणणे होते.

दार उघडूनही बाईला निम्मे आत घेण्याची तऱ्हा पुढेही चालू राहिली. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण, मुंबईची पदवी घेऊन बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागायला गेली. संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाईंनी हटून बसून कारण विचारले. शेवटी अटी घालून घेतले: पहिले वर्ष कच्चा प्रवेश, काम पटले तरच पक्का. काम पटले. पुढे रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक. त्याच १९३९ साली, सरकारने पाच वर्षांपूर्वी बंद केलेले डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि इरावती कर्वे तिथे अध्यापक म्हणून रुजू झाल्या. कॉर्नेलियाच्या वेळी बाई वर्गात नको होती, आता बाईच विभाग चालवत होती.

पुण्याजवळच पुरुषांची आणखी एक शाळा होती, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिचे दार २०२१ पर्यंत बंद होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेश परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की २० वर्षांवरील मुसलमानांत पदवी वा पदविका घेतलेले ४ टक्क्यांहूनही कमी आहेत, तर देशाचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आहे. यात मुलींचा वाटा किती असेल, हे आपल्या घराकडे पाहिले तरी कळते. आमच्या आयांच्या पिढीत सातवीची फायनल पास झालेली बाई गल्लीभर पत्रे वाचून दाखवायची आणि लोक तिला मास्तरीण म्हणायचे.

आमचे गाव घडवले ते रेल्वेने. १८५९-६० मध्ये पुणे-सोलापूर लाईन टाकली गेली, तेव्हा स्टेशनचे नाव बार्शी रोड होते. १८९७ साली इथून बार्शीची छोटी गाडी सुटली, पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. वर्कशॉप, लोको, गँग, सगळे पुरुषांचे राज्य. त्या नोकऱ्यांवर आपल्यातली कितीतरी घरे उभी राहिली. त्याच लाईनवरून मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी गेली, ती चालवत होत्या साताऱ्याच्या सुरेखा यादव. ती गाडी कुर्डुवाडीला थांबते. आणि सकाळच्या गाडीच्या लेडीज डब्यात आता बुरख्यातल्या दोन-चार मुली रोज दिसतात, मांडीवर पुस्तक उघडे ठेवून, सोलापूर येईपर्यंत.