ब्रेकची धूळ आणि फुफ्फुस : शंभर वर्षांची गोष्ट

हवाई दलात किंवा विमान कंपनीत मेकॅनिक म्हणून नोकरी करून आपण यवतमाळ, दारव्हा, पुसदकडे परतला असाल, तर हे जरूर वाचा.

विमान धावपट्टीवर उतरते तेव्हा ब्रेक प्रचंड तापतात. ती उष्णता सोसते म्हणून ब्रेक लायनिंगमध्ये आणि इंजिनाच्या गॅस्केटमध्ये अनेक वर्षे अ‍ॅस्बेस्टॉस वापरले गेले. लायनिंग बदलताना साचलेली धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची पद्धत होती. त्या धुळीतले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुफ्फुसात गेले की सहसा बाहेर येत नाहीत.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ 1924 मध्ये, अवघ्या 33 व्या वर्षी वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसात हे तंतू पाहिले. 1930 च्या सरकारी अहवालात 363 कामगार तपासले गेले. चौघांत एकाचे फुफ्फुस घट्ट झालेले आढळले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये नियम आले, पण ते कारखान्यातल्या ठराविक कामांपुरते. ब्रेक दुरुस्त करणारा मेकॅनिक त्यात नव्हताच. याच टर्नर समूहाची कंपनी, हिंदुस्थान फेरोडो, पुढे मुंबईत घाटकोपरला ब्रेक लायनिंग बनवू लागली. रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस हे नाव मिळून तोवर बरीच वर्षे झाली होती!

1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाची, म्हणजे मेसोथेलिओमाची, 33 रुग्णांची नोंद आली. त्यातले काहीजण खाणीत कधीच उतरले नव्हते, फक्त जवळ राहत होते. हा रोग धूळ गेल्यापासून 30-40 वर्षांनी उमटतो. म्हणून साठीतल्या दम्याच्या किंवा टीबीच्या संशयित रुग्णाला मी आधी विचारतो, तरुणपणी कोणते काम केले? आपणही हे न विचारता सांगा. एक्स-रे साफ असला तरी सांगा. आणि विडी-सिगारेट आजच सोडा. अ‍ॅस्बेस्टॉससोबत तिने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला : प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यापैकी जे उशिराचे असेल तोवर जपावी. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही अ‍ॅस्बेस्टॉसिस होते. रुग्ण आढळला तर डॉक्टरने संबंधित अधिकाऱ्यांना कळवायचे असते. आपण अशा कारखान्यात होता का? मग ती नोंद लेखी मागा, आणि पुढच्या तपासणीला येताना नोकरीचे जुने कागद सोबत आणा.