वाघनखांची पेटी

मंडळी, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या वाघनखांचा विषय निघाला की आपण ठामपणे सांगतो, ‘महाराजांचीच ती!’ पुरावा कोणता? पेटीवरचा इंग्रजी मजकूर. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती भेट मिळाली, असे त्यात आहे. पण त्यातच मारला गेलेला सरदार ‘मोगल’ म्हटला आहे! अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा, हे इथे वाढलेली आपली मुलेसुद्धा सांगतील. डफच्या १८२६ च्या इतिहासातल्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांपासून आपण काढत आलो. पेटीला मात्र माफी, कारण ती आपल्या मनातलेच बोलते. खुद्द म्युझियम खात्री देत नाही. १६५९ चे प्रतापगड या पेटीवर अवलंबून नाही, असे आम्हांला वाटते. २०२४ च्या जुलैत ही नखे, तीन वर्षांच्या बोलीवर, साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली.