तहसील तालुक्यात कशी आली

वाशी म्हटलं की मुंबईकराला लोकलचं स्टेशन आठवतं. ही वाशी ती नव्हे. ही धाराशिव जिल्ह्यातली, फटाक्यांच्या तेरखेड्याजवळची. इथल्या कुठल्याही दाखल्याचा मथळा पाहा: तहसील कार्यालय, ता. वाशी, जि. धाराशिव. आपल्याला हे सगळं मराठीच वाटतं, आणि आता ते आहेही. पण 'कार्यालय' आणि गावांची नावं सोडली तर तिन्ही शब्दांचं माहेर अरबी आहे. तहसील म्हणजे वसुली. 'त्यात काय हशील?' असं आपण विचारतो, तो हशील तिचा सख्खा भाऊ. तालुका आला 'तअल्लुक'वरून, म्हणजे संबंध: अमुक मुलूख अमक्याकडे लागतो, एवढंच. जिल्ह्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू.

निजामाच्या राज्यात हा 'संबंध' बराच काळ पैशाचा होता. तालुकदार म्हणजे महसुलाचा मक्तेदार. तो सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा आणि रयतेकडून ती वसूल करायचा. मध्ये किती उरतं, हा त्याचा प्रश्न. पहिला सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाला तेव्हा खजिना खंक होता. त्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो मेडोज टेलर, ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिणारा. 1860 च्या तहाने नळदुर्ग आणि रायचूर परत आले, वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच.

सालारजंगाने 1865 च्या सुमारास 'जिलाबंदी' केली: सुभे, त्यांत जिल्हे, जिल्ह्यांत तालुके. मक्ते मोडले, पगारी अधिकारी आले. गंमत अशी की माणूस बदलला तरी पाटी तीच राहिली. जिल्ह्याचा कलेक्टर झाला 'अव्वल तालुकदार', त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार. प्रत्यक्ष तालुक्यावर बसला तो मात्र तहसीलदार. म्हणजे तालुकदार जिल्ह्याला आणि तहसीलदार तालुक्याला! अवधमध्ये हाच तालुकदार बडा जमीनदार होता, हे आणखी वेगळंच.

आपला जिल्हा आधी नळदुर्गचा, पुढे उस्मानाबादचा, सुभा गुलबर्ग्याचा. उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाचं खरं, पण 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरात ते छापलेलं सापडतं आणि मीर उस्मान अली गादीवर आला 1911 मध्ये. नाव दिलं तेव्हा तो युवराज होता.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, गुलबर्गा म्हैसूरकडे गेलं, आणि दोन कारभारांचे शब्द एका टेबलावर आले. पुण्या-साताऱ्याकडे तालुक्याचा धनी होता मामलेदार. आपल्याकडे आणि विदर्भात तहसीलदार. पश्चिमेकडे गावचं दप्तर तलाठ्याकडे, इथे पटवाऱ्याकडे. निकाल वाटून लागला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तहसीलदार टिकला, मामलेदार गेला; ठाण्याच्या मिसळीत तेवढा उरला. पटवारी हरला, तलाठी जिंकला. मुलखाला शब्द राहिला तालुका, म्हणून तहसील कार्यालय तालुक्यात असतं. मुंबईकडचे लोक राज्यकर्ते झाले म्हणून त्यांचेच शब्द चालले, असं कुणी म्हणालं तर त्याला सातारच्या तहसीलदाराची पाटी दाखवावी.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा याच तालुक्याच्या चौकटीत बीडीओही येऊन बसला. चौकट मात्र फिरत राहिली. 1982 च्या ऑगस्टमध्ये लातूर वेगळं झालं. वाशी भूममध्ये होती. 2001 च्या जनगणनेत ती स्वतंत्र तालुका म्हणून दिसते, लोहाऱ्यासह जिल्ह्यातल्या आठांपैकी एक. माणसं बोलताना 'तहसीलला जाऊन येतो' म्हणतात आणि पत्त्यात 'ता.' लिहितात. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, निजामाचं नाव पाटीवरून गेलं. शेजारचा तहसील हा शब्द कुणाला खटकला नाही.

त्याच 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामी दप्तरांचे गठ्ठे सुटले. कागद उर्दूत नाहीतर मोडीत, आणि साल फसली. 1342 फसली दिसलं की त्यात 590 मिळवायचे: 1932-33.