लाल हापसा, हिरवा हापसा



वक्त्याच्या टेबलावर तांब्याभांडे ठेवण्याची आपल्या व्याख्यानमालांची जुनी चाल आहे. आज आम्हांला त्या भांड्यातल्या पाण्याविषयीच बोलावयाचे आहे. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे, वैद्यही नव्हे. कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली, ती उणीव नगरवाचनालयाच्या बाकावर जमेल तशी भरून काढली. तेव्हा जी माहिती सांगू ती जाणकारांची आहे. तिच्यावरचे मत मात्र आमचे.

सोमल हे नाव आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. ज्याला आर्सेनिक म्हणतात त्या मूलद्रव्याचे हे पांढरे रूप. हरताळ आणि मनशीळ ही त्याच घराण्यातली. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. (संपाला म्हणतात तो हरताळ निराळा, तो बाजाराला टाळे लावण्यातून आला असे सांगतात. आमचा संबंध आजवर त्याच हरताळाशी.) सोमल कोणी कोणाला पाजला तर तो खून ठरतो. पण कोणीही न पाजता तो कोट्यवधी माणसांच्या कळशीत कसा उतरला, आणि त्यातून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी व गावकऱ्यांनी काय खटपट केली, हा बंगालचा इतिहास आहे. बंगाल म्हणजे दोन्ही, पश्चिम बंगाल आणि बांगलादेश. पाण्याला सरहद्द नसते.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या गाळाने बनलेला हा मुलूख. तेथे पाण्याचा तोटा कधीच नव्हता. घराघरामागे पुकूर, म्हणजे तळे. त्यातच आंघोळ, त्यातच भांडी, आणि त्यातलेच पिणे. पटकी आणि हगवण यांनी मुले मरत. म्हणून 1970 नंतरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने बांगलादेश सरकारने हातपंपांची मोहीम काढली. जमिनीखालचे पाणी जंतूंपासून मुक्त, तेव्हा ते प्यावे, हा विचार सरळ होता आणि चुकीचाही नव्हता.

हे हापसे बसविण्याची रीत सांगण्याजोगी आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात भोक पाडावयाला यंत्र लागते, आणि खोल पाणी उपसावयाला दमदार पंप लागतो. त्यासाठी 1960 नंतर जालन्यात आणि सोलापुरात जे पंप घडले, त्यांच्यातूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ हापसा निघाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. बंगालात असले काही लागत नाही. चार-पाच माणसे, बांबूचा माचा आणि नळ. खालची माणसे नळ वरखाली करतात; माच्यावर बसलेला मिस्त्री नळाचे तोंड तळहाताने दाबतो आणि सोडतो. त्याचा तळहात हीच झडप. दाबले की चिखल वर चढतो, सोडले की बाहेर उसळतो, आणि नळ वाळूत उतरत जातो. एका दिवसात पाणी लागते. खर्च इतका कमी, की सरकारने सुरू केलेले काम लोकांनीच पुढे नेले. शतक संपता संपता बांगलादेशात सुमारे एक कोटी हापसे होते, आणि त्यांतले बहुतेक लोकांनी स्वतःच्या पैशाने बसविलेले होते. 1997 साली युनिसेफने आपल्या अहवालात नोंदविले, की शेकडा 80 लोकांना ‘सुरक्षित’ पाणी देण्याचे उद्दिष्ट ओलांडले गेले आहे.

त्याच्या चौदा वर्षे आधीच, 1983 साली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यापुढे चोवीस परगण्यातले रोगी येऊ लागले होते. पाऊस शिंपडून गेलेल्या धुळीवर दिसावेत तसे छातीवर काळे-पांढरे ठिपके. तळहात आणि तळपाय खरबरीत, त्यांवर चामखिळीसारख्या कठीण गाठी. साहांनी ओळखले, की हा सोमल आहे, आणि तो हापशातून येत आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने हे छापून प्रसिद्ध केले. 1988 पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव हिंडून पाण्याच्या बाटल्या, केस आणि नखे गोळा करू लागले. माल्दा, मुर्शिदाबाद, नदिया, दोन्ही परगणे असा नकाशा भरत गेला. चक्रवर्ती 2018 मध्ये वारले. तोवर हा एकच ध्यास त्यांनी सोडला नाही. आरंभी त्यांना घबराट पसरविणारा म्हणणारे पुष्कळ होते. संघटनेचे काम करणाराला हे बिरुद परिचयाचे आहे.

हे विष रंगाला दिसत नाही, चवीला कळत नाही, वासाला येत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात. सोमल जातो तर नाहीच, पाणी आटल्याने किंचित वाढतो. ठिपके दिसावयास पाच, दहा, पंधरा वर्षे लागतात. आणि पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका. अशा दुखण्याला गावात नाव एकच, महारोग. लग्नाच्या मुलींना नकार आले, सुनांना माहेरी धाडले गेले, मुलांना शाळेत दूर बसविले गेले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे पटविण्यात डॉक्टरांचा जितका वेळ गेला, तितका औषधात गेला नसेल. कारण औषध असे नव्हतेच. ते पाणी बंद करणे, हाच उपाय.

1993 साली बांगलादेशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याला चांपाई नवाबगंजच्या हापशात हे द्रव्य सापडले. मग ढाका कम्युनिटी हॉस्पिटल आणि जादवपूरची मंडळी एकत्र आली. 1998-99 मध्ये देशाच्या 64 पैकी 61 जिल्ह्यांतले 3,534 हापसे तपासले गेले. दीडशे मीटरपर्यंतच्या हापशांपैकी शेकडा 27 मध्ये लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमची बांगलादेशाची मर्यादा ओलांडलेली निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची 1993 पासूनची 10 ची मर्यादा लावली, तर शेकडा 46 मध्ये. 2000 साली ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या संघटनेच्या पत्रिकेत लिहिले, की एखाद्या लोकसमूहावर झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे. साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसे तिच्या छायेत होती.

कारण कोणते? कारखाना म्हटला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. कलकत्त्याच्या बेहाला भागात तसा एक कारखाना होताही. सोमलयुक्त हिरव्या कीटकनाशकाचा गाळ त्याने आवाराजवळ टाकला, आणि शेजारच्या विहिरी नासल्या. पण तो एका वस्तीचा प्रश्न. गावोगावच्या विषाचा धनी कोणी गिरणीमालक नव्हता. हिमालयातून वाहत आलेल्या वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पापुद्रा असतो, आणि त्या गंजाला सोमल चिकटलेला असतो. हवा आहे तोवर गंज टिकतो. पण गाळाबरोबर पालापाचोळाही पुरला गेला की खालचे जिवाणू तो खातात, प्राणवायू संपवितात, आणि तो संपल्यावर गंजावर गुजराण करतात. गंज विरघळतो, सोमल पाण्यात मोकळा होतो. पाण्याच्या उपशामुळे हवा आत शिरून हे घडते, असा आधी एक तर्क होता. 1998 पासून मात्र हे गंजाचे स्पष्टीकरण पुढे आले, आणि तेच आता बहुतेक मान्य आहे. म्हणून उघड्या उथळ विहिरीत सोमल सहसा कमी, फार खोल थरातही सहसा कमी. आणि गरिबाला परवडणारा हापसा नेमका मधल्या थरात पोहोचलेला!

येथे एका खटल्याची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. 1992 साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या काही विहिरींचे पाणी तपासून अहवाल दिला होता. अनेक द्रव्ये तपासली. आर्सेनिक तपासले नव्हते. ब्राह्मणबाडिया भागातल्या एका गावकऱ्याने शेकडो जणांच्या वतीने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने दावा काढून टाकला: त्या संस्थेचे आणि गावकऱ्यांचे नाते जबाबदारी उत्पन्न व्हावी इतके जवळचे नव्हते.

कायद्याने हे बरोबर असेल. आम्हांला मात्र आमच्याच उमेदीतला एक प्रसंग आठवतो. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामगारांना कूपनलिकेचे पाणी मिळे. पोटाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा व्यवस्थापनाने प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला: पाणी पिण्यास योग्य. आमच्या समितीत एक वयस्क फिटर होता. तो म्हणाला, “साहेब, यात काय तपासलं ते लिहिलंय. काय नाही तपासलं, त्याची यादी द्या.” सगळे हसले. ती यादी मिळावयास सात महिने आणि दोन द्वारसभा लागल्या. फेरतपासणीत भयंकर काही निघाले नाही, आणि “मग एवढा आटापिटा कशाला केलात?” हे आम्हांला पुढे कितीतरी दिवस ऐकावे लागले. त्याला त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. या खटल्याचा निकाल वाचला तेव्हा तो फिटर आठवला.

आता कामाकडे वळू. 2000 ते 2006 या काळात बांगलादेशात सुमारे 50 लक्ष हापसे जागच्या जागी तपासून रंगविले गेले. मर्यादेच्या आत तो हिरवा, बाहेर तो लाल. 14 लक्षांहून अधिक हापसे लाल झाले. लाल हापशाचे पाणी कपड्यांना आणि भांड्यांना चालते, पिण्याला आणि स्वयंपाकाला नाही, एवढेच सांगावयाचे. ही युक्ती चालली ती निसर्गाच्या एका लहरीमुळे: एक हापसा विषारी, तर पन्नास पावलांवर शेजाऱ्याचा चांगला. 2000 पासून कोलंबिया विद्यापीठाची आणि बांगलादेशी मंडळी ढाक्याजवळच्या अडाइहाजार येथे हेच काम करीत आली. ज्यांचा हापसा लाल निघाला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांनी पाणी बदलले. ना मोठे यंत्र, ना औषध. फक्त खरी माहिती आणि शेजार.

पण शेजार ही सोपी गोष्ट नव्हे. दुसऱ्याच्या अंगणात दिवसातून चार वेळा कळशी घेऊन जाणे, तेही नव्या सुनेने, याचे ओझे पाण्याहून जड असते. भांडण झाले की कळशी परत येते. वाटेत लाल हापसा उभाच असतो, आणि त्याचे पाणी थंडगार लागते.

पश्चिम बंगालात 1997 पासून अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मंडळींनी हापशालाच गाळणी जोडली. सोमल शोषून घेणारे ॲल्युमिना त्यात भरलेले. आम्हांला त्यातले रसायन फारसे कळत नाही, पण व्यवस्था कळते. गावाची पाणी समिती, दरमहा घरटी वर्गणी, हिशेबाची वही. शोषक थकला की तो बदलावा लागतो, आणि त्यातून निघालेला सोमल पुन्हा मातीत जाऊ नये म्हणून वेगळा साठवावा लागतो. जेथे समिती नव्हती, तेथे ठेकेदाराने बसविलेली यंत्रे वर्षा-दोन वर्षांत गंजून पडली. कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोखंडाचा चुरा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे यांची घरगुती गाळणी केली. 2007 साली तिला अमेरिकेचे दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले.

आम्हांला सर्वांत भावली ती मतलब भागातली गोष्ट. तेथल्या नळ उतरविणाऱ्या मिस्त्रींनी ओळखले होते, की काळी वाळू लागली तर पाणी वाईट, तांबूस वाळू लागली तर पाणी चांगले. शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले, तेव्हा ते बऱ्याच अंशी खरे निघाले. तांबूस म्हणजे गंज अजून शाबूत! ज्याचा तळहात झडप होता, त्याच्या डोळ्यांनाही हे कळत होते. विचारावयास मात्र कोणी लवकर गेले नाही.

खोल नळ हा उपाय चांगला, पण महाग; म्हणून तो सरकारने द्यावयाचा. 2016 साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने दाखवून दिले, की नव्या सरकारी नळांपैकी निम्म्यांच्या जागा ठरविण्यात खासदारांचा हात असे, आणि कित्येक नळ त्यांच्या कार्यकर्त्यांच्या अंगणात गेले. यावर आम्ही अधिक बोलत नाही; आपल्या गावातही टँकर येतात.

हा रोग बंगालपुरता नाही. 2002 साली तो बिहारमध्ये भोजपूरला सापडला. त्याआधीच, 1999 च्या सुमारास, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौरीकसा गावात. राजनांदगाव म्हणजे आपल्या नागपूरहून हावड्याला जाताना लागणारे, 1920 च्या गिरणी-संपासाठी आम्हा लोकांना पूज्य असलेले शहर. तेथे गाळ नाही, जुना खडक आहे. विष खडकातून येते.

अडाइहाजारचे काम पुढेही चालू राहिले. हापशांवरचा तो रंग काही वर्षांतच उडाला होता, आणि मधल्या काळात बसविलेल्या हजारो नव्या नळांना कधी लागलाच नव्हता. म्हणून 2012-13 मध्ये तेथे घरोघर पुन्हा तपासणी झाली, आणि या खेपेस रंग न लावता धातूच्या पाट्या ठोकल्या: 10 च्या आत निळी, 50 पर्यंत हिरवी, वर लाल. तेथल्या सुमारे अकरा हजार माणसांचा वीस वर्षे पाठपुरावा करून 2025 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: ज्यांच्या शरीरातले आर्सेनिक पाणी बदलल्यावर उतरले, त्यांच्यात हृदयविकार, कर्करोग अशा दीर्घ दुखण्यांनी होणारे मृत्यू, ज्यांचे उतरले नाही त्यांच्या मानाने निम्मेच होते.  त्यांतले कित्येक शेजारी जात होते.